सुटीतील अभ्यास दप्तरी कसा रुजू करावा

उन्हाळ्यातील परीक्षा आटोपून मुले मोकळी झाली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावरील पाठोपाठच्या तीन गावांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. जूनच्या मध्यापर्यंत लाभलेला अवकाश लग्नकार्ये, आजोळची फेरी आणि हातातील मोबाइल यांच्यात वाटून टाकावा, की पुढे गुणपत्रिकेत ज्याची नोंद होईल असे काहीतरी या काळात पदरात पाडून घ्यावे, हा तो प्रश्न होय. उल्हासनगरच्या कॅम्पातील ज्या मुलांना सुटीत वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसावे लागते, किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कोठे तात्पुरते काम धरावे लागते, त्यांच्यापुढे तो अधिकच निकडीने येतो. कारण त्यांच्यापाशी वेळ बेताचाच असतो, आणि ज्या अभ्यासक्रमात तो घालवावयाचा तो शेवटी पदवीच्या हिशेबात धरला जाणार की नाही, याची खातरजमा आधी झाली नाही तर केलेले श्रम निदान दप्तराच्या दृष्टीने वाया जाण्याचा संभव असतो.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर रूढ होऊन फार वर्षे झाली. इलिनॉय राज्यातील जॉलिएट या गावी १९०१ साली सार्वजनिक स्वरूपाचे दोनसाली महाविद्यालय निघाले, आणि आजची कम्युनिटी कॉलेजे ही त्याच परंपरेतील. विद्यापीठात शिकणारा तेथील विद्यार्थी उन्हाळ्यात घरी आला, की गावातल्या अशा महाविद्यालयात कमी शुल्कात गणिताचा किंवा इतिहासाचा एखादा विषय सहा-आठ आठवड्यांत उरकतो आणि त्याचे श्रेयांक आपल्या विद्यापीठाकडे वळते करून घेतो. आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेज हे नाव आले, विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तशी योजनाही आखली; परंतु तिचा रोख व्यवसायकौशल्यावर आणि रोजगारावर होता, पदवीच्या विद्यार्थ्याने सुटीत यावे, एखादा विषय संपवावा आणि आपल्या महाविद्यालयात परत जावे, ही कल्पना तिच्यात नव्हती. त्यामुळे नावाच्या मागे लागून कल्याण-कर्जत पट्ट्यात असे महाविद्यालय शोधीत फिरण्यात अर्थ नाही. त्या संस्थेकडून अमेरिकन विद्यार्थ्याचे जे काम होते, ते आपल्याकडे आज तीन निरनिराळ्या व्यवस्थांत वाटले गेले आहे: केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ, नव्या पदवीरचनेतील उन्हाळी सत्र, आणि या दोहोंचा जमाखर्च ठेवणारी श्रेयांकांची पेढी.

तिहींचा तपशील पुढे येईलच. पण ज्याला एवढेच वाचून लेख बाजूला ठेवावयाचा असेल, त्याच्यासाठी मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. अभ्यास करणे विद्यार्थ्याच्या स्वाधीन असते, श्रेयांक मिळणे मात्र मंजुरीच्या स्वाधीन असते. आणि ही मंजुरी अभ्यासक्रमाच्या परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी, लेखी स्वरूपात हाती आलेली असली पाहिजे. प्रमाणपत्र घेऊन नोव्हेंबरात कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहणारा विद्यार्थी आणि अर्ज घेऊन मे महिन्यात तेथेच उभा राहणारा विद्यार्थी यांनी एकच अभ्यासक्रम तितक्याच गुणांनी पुरा केला असेल, तरी पहिल्याला विनंती करावी लागते आणि दुसऱ्याला केवळ स्मरणपत्र द्यावे लागते. हा भेद लहान नव्हे.

आता कायद्याची बाजू. ‘स्वयम्’चे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले, पण त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याविषयीचा विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच्या आधीच, २०१६ साली केला होता. त्या वेळी एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने पुरे करण्याची मुभा होती. २०२१ च्या विनियमाने ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. २०१६ च्या विनियमातील कार्यपद्धती मुळातून पाहण्याजोगी आहे. आगामी सत्रातील अभ्यासक्रमांची यादी १ जून आणि १ नोव्हेंबर या तारखांना विद्यापीठांच्या कुलसचिवांकडे जावी, त्यानंतर चार आठवड्यांत विद्यापरिषदेने त्यांतील कोणते अभ्यासक्रम श्रेयांकांसाठी ग्राह्य धरावयाचे याचा निर्णय करावा, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी मूळ संस्थेने एक समन्वयक नेमावा, आणि मिळालेले गुण मूळ संस्थेने गुणपत्रिकेत चढवावेत, असा तो क्रम आहे. कागदावर यात उणीव काढण्यास जागा नाही. प्रत्यक्षात मात्र निर्णय करणारी ही विद्यापरिषद कोठे बसते यावर सारे अवलंबून असते. महाविद्यालय स्वायत्त असेल तर ती त्याच्याच आवारात भरते, आणि प्राचार्यांनी मनात आणले तर एखाद्या नव्या अभ्यासक्रमाचा प्रश्न तेथल्या तेथे निकालात निघतो. महाविद्यालय केवळ संलग्न असेल तर तोच प्रश्न मुंबई विद्यापीठापर्यंत जातो, आणि त्या प्रवासास वेळ लागतो. तेव्हा आपण उल्हासनगरच्या चांदीबाई वा तलरेजा महाविद्यालयात असा, बदलापूरच्या आदर्श महाविद्यालयात असा की आणखी कोठे, आपल्या महाविद्यालयाचा दर्जा आजच्या घटकेस कोणता आहे आणि ‘स्वयम्’चा समन्वयक कोण आहे, या दोन गोष्टी प्रथम विचारून घ्याव्यात. वर्ग बंद असले तरी कार्यालय सुटीतही चालू असते, आणि खिडकीवर गर्दी नसल्यामुळे कारकून मंडळी या दिवसांत जरा सवडीने बोलतात, हा मे महिन्याचा एक अलक्षित फायदा आहे. प्रवेशाचे दिवस सुरू झाले, की मग तेथे तुमचा प्रश्न ऐकून घेण्यासही कोणास उसंत नसते.

दिनदर्शिकेविषयी येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. जानेवारी सत्राच्या अंतिम परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांच्या ऐन धामधुमीत येतात. जुलै सत्र पावसाळ्यात सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास परीक्षेने संपते. यावरून ध्यानात येईल की मेमध्ये सुरू करावा, जूनमध्ये संपवावा आणि श्रेयांक खिशात घालून नव्या वर्गात जावे, अशी सोय या व्यवस्थेत सहसा नसते. मग सुटीचा उपयोग कोणता, असे कोणी विचारील. सुटीचा उपयोग निवड, मंजुरी आणि पूर्ववाचन या तीन कामांसाठी करावयाचा असतो, आणि त्यांतील तिसऱ्याचे महत्त्व फार थोडे विद्यार्थी ओळखतात. सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेला एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम आज ‘स्वयम्’च्या मोठ्या आधारस्तंभांपैकी एक आहे, आणि त्याच्या मागील सत्रांतील व्याख्याने कोणासही केव्हाही विनामूल्य पाहता येतात. जो अभ्यासक्रम जुलैत घ्यावयाचा, त्याचीच जुनी व्याख्याने मे-जूनमध्ये पाहून, वही घालून, टिपणे काढून ठेवली, तर जुलैनंतर महाविद्यालयाचे तास, प्रात्यक्षिके आणि लोकलची धावपळ यांच्या जोडीला केवळ साप्ताहिक स्वाध्याय आणि परीक्षेची उजळणी एवढेच काम उरते. बारा आठवड्यांचा भार अशा रीतीने दोन ऋतूंत विभागला जातो. आणि माझ्या मते हेच आपल्याकडचे खरे उन्हाळी सत्र आहे, मग त्याला कोणी तसे म्हणो वा न म्हणो.

निवड करताना विषयाच्या आकर्षणापेक्षा आठवड्यांचा हिशेब आधी पाहावा, असे म्हटले तर कित्येकांस ते रुक्ष वाटेल, पण ते खरे आहे. एन.पी.टी.ई.एल.च्या शिफारशीप्रमाणे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमास एक, आठ आठवड्यांच्यास दोन आणि बारा आठवड्यांच्यास तीन श्रेयांक धरले जातात. उलटपक्षी, मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत प्रमुख विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्यविषय असे निरनिराळे कप्पे असून प्रत्येकाचे श्रेयांक ठरलेले असतात, आणि सत्राची एकूण बेरीज सामान्यतः २२ भरते. खुल्या ऐच्छिक विषयाचा तुमचा कप्पा दोन श्रेयांकांचा असेल, तर बारा आठवडे राबून मिळविलेल्या तीन श्रेयांकांपैकी एक अधांतरी लोंबत राहतो, आणि कप्पा चारचा असेल तर एक श्रेयांक कमी पडून सगळेच प्रकरण अडते. म्हणून पहिल्या प्रयोगास आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि दोन श्रेयांकांचा खुला ऐच्छिक विषय, ही जोडी मला सर्वांत निर्धोक वाटते. प्रमुख विषयाच्या वाटेस प्रारंभीच जाऊ नये. तेथे विभागप्रमुख अभ्यासक्रमाचा शब्दन् शब्द ताडून पाहतात, आणि त्यांनी तसे पाहिलेच पाहिजे. नियमाने ४० टक्के दिले म्हणून ४० टक्के घ्यावेत, हा विचारही टाकून द्यावा. एका सत्रात एक विषय पुरे.

आता अर्ज. अर्ज हा प्राचार्यांच्या नावे लिहावा, तो विभागप्रमुखांच्या शिफारशीने पुढे जावा, आणि त्यात नेमकी मागणी एकाच वाक्यात असावी. कित्येक विद्यार्थी आपणास शिकण्याची किती आवड आहे हे पानभर लिहितात आणि शेवटी कोणत्या विषयाऐवजी कोणता विषय, हेच लिहावयाचे विसरतात. मसुदा साधारण असा करावा: “मी द्वितीय वर्ष वाणिज्य वर्गाचा विद्यार्थी असून आगामी तिसऱ्या सत्रातील दोन श्रेयांकांच्या खुल्या ऐच्छिक विषयाऐवजी ‘स्वयम्’वरील अमुक संस्थेचा अमुक नावाचा आठ आठवड्यांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करू इच्छितो. तरी देखरेखीखालील अंतिम परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास त्याचे श्रेयांक माझ्या गुणपत्रिकेत धरण्यास पूर्वमंजुरी मिळावी, ही विनंती. सोबत अभ्यासक्रमाचा आठवडावार आराखडा, अध्यापकाचे व संस्थेचे नाव, परीक्षेची तारीख आणि माझ्या मागील गुणपत्रिकेची प्रत जोडली आहे.” एवढ्यावर सही करून अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच हा पुढील सहा महिन्यांतील तुमचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज असतो. तोंडी होकार कितीही वडिलकीने दिलेला असला, तरी तो देणारे सर किंवा मॅडम सत्राच्या मध्यावर बदलून जाऊ शकतात, रजेवर जाऊ शकतात, आणि प्रामाणिकपणे विसरूही शकतात. मंजुरी देताना कार्यालयाने एखादी अट घातली, उदाहरणार्थ किमान गुणांची, तर ती लेखी उत्तरात उतरवून घ्यावी. उत्तर आठ-दहा दिवसांत न आल्यास नम्र स्मरणपत्र द्यावे, त्यात पूर्वीचा आवक क्रमांक नमूद करावा. तगादा लावावा, पण कागदाने लावावा.

श्रेयांक पेढीचे काम याच वेळी उरकून घ्यावे. ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या नावाची ही व्यवस्था जुलै २०२१ मधील विनियमाने अस्तित्वात आली, आणि आता ‘अपार’ या बारा अंकी ओळखक्रमांकाशी जोडली गेली आहे. विद्यार्थी डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे आपले खाते उघडतो, आणि निरनिराळ्या संस्थांनी दिलेले श्रेयांक त्या खात्यात जमा होतात. ते कमाल सात वर्षे टिकतात, एका पदवीसाठी एकदा खर्ची पडले की पुन्हा वापरता येत नाहीत, आणि ज्या संस्थेची पदवी घ्यावयाची तिच्यातच निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. खाते उघडणे मोबाइलवर काही मिनिटांचे काम आहे. अडचण येते ती नावापाशी. आपल्या गुणपत्रिकेत आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि आईचे, असा क्रम असतो. आधारवर नाव प्रथम आणि आडनाव शेवटी असते, आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत तर एकाच आडनावाची रोमन लिपीतील वर्णरचना बापाच्या कागदांवर एक आणि मुलाच्या कागदांवर दुसरी, हे काही अपूर्व नाही. ‘स्वयम्’वर विद्यार्थ्याने हौसेने तिसरेच रूप घातलेले असते, आणि प्रमाणपत्र त्या तिसऱ्या रूपात छापून येते. मग हा श्रेयांक या विद्यार्थ्याचाच कशावरून, असे यंत्राने विचारले तर त्याला दोष कसा द्यावा? आधारमधील दुरुस्ती सुटीच्या आरंभीच करून घ्यावी, कारण तिला दिवस लागतात. आणि ‘स्वयम्’वर नाव घालताना ते आधार व गुणपत्रिका यांच्याशी अक्षरशः जुळवूनच घालावे.

अभ्यासक्रमात नाव नोंदविणे विनामूल्य आहे, आणि बहुतेकांची फसगत नेमकी येथेच होते. नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली असे नव्हे. ती स्वतंत्रपणे, वेगळ्या मुदतीत, शुल्क भरून करावी लागते, आणि एन.पी.टी.ई.एल.च्या अभ्यासक्रमांस हे शुल्क सामान्यतः १,००० रुपये असते, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते निम्मे पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या किंवा अन्य समन्वयक संस्थांच्या अभ्यासक्रमांची परीक्षा वेगळ्या यंत्रणेमार्फत होते आणि तिचे शुल्क व मुदती वेगळ्या असतात, म्हणून आपला अभ्यासक्रम कोणाच्या अखत्यारीत येतो हे पाहून ठेवावे. परीक्षा न देता केवळ स्वाध्याय पुरे केल्याने श्रेयांक मिळत नाहीत. एन.पी.टी.ई.एल.मध्ये १०० पैकी २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे; बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ, आठ आठवड्यांच्यात उत्तम सहा स्वाध्याय धरले जातात, आणि उत्तीर्ण होण्यास स्वाध्यायांत २५ पैकी १० व परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. स्वाध्यायांची मुदत बहुधा बुधवारी मध्यरात्रीपूर्वी संपते. मंगळवारच्या रात्रीपर्यंत तो सादर करण्याचा नियम घालून घेतला, तर बुधवारी वीज गेली वा मोबाइलचे जाळे गेले तरी बिघडत नाही.

व्याख्याने साधारण अर्ध्या तासाची असतात, आणि बदलापूरहून ठाण्यास जाईतो एक सहज ऐकून होते; मात्र ती घरीच उतरवून घ्यावीत, कारण गाडीत जाळ्याचा भरवसा नाही, आणि सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभ्याने वही काढता येत नाही हे सांगण्यास शहाण्याची गरज नाही. गाडीत ऐकावे, टिपणे घरी काढावीत. ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे आहेत, त्यांनी आपल्या महाविद्यालयाचे वाचनालय सुटीत उघडे असते का, हे विचारावे. ज्या बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’सारखे ग्रंथालय उभे केले, त्या गावात वाचणाऱ्यास बसण्याची जागा अजिबात मिळू नये, हे मला संभवनीय वाटत नाही. परीक्षेचे शहर निवडण्याची वेळ येते तेव्हा ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबई यांपैकी जे जवळ असेल ते वेळीच निवडावे, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि या परीक्षा बहुधा शनिवारी-रविवारी होतात, तेव्हा मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक कोठून कोठपर्यंत आहे, हे आदल्या दिवशी पाहून निघावे. प्रवेशपत्रावर दिलेल्या वेळेनंतर दार बंद होते; अंबरनाथला गाडी अडकली होती, ही सबब तेथे कोणी ऐकत नाही.

दुसरा मार्ग, म्हणजे उन्हाळी सत्र, हा मुख्यतः दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी आहे: ज्यांचे विषय राहिले आहेत ते, आणि ज्यांना शिक्षण मध्येच थांबवावे लागणार आहे ते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवीच्या आराखड्यात उन्हाळ्यातील आठ आठवड्यांच्या सत्राची तरतूद असून, त्यात अंतर्वासिता (इंटर्नशिप) किंवा व्यावसायिक प्रशिक्षण घेता येते, आणि अतिरिक्त अथवा राहिलेले विषय वेगाने शिकविण्याची मोकळीकही संस्थांना दिली आहे. मोकळीक आणि सक्ती यांतला फरक येथे लक्षात घ्यावा. पुरेसे विद्यार्थी आणि पुरेसे अध्यापक असतील तर महाविद्यालयाने असे वर्ग काढावेत, एवढेच आराखडा म्हणतो. आपल्या महाविद्यालयाने ते काढले नाहीत तर भांडण्यास आधार नाही. मात्र पंधरा-वीस विद्यार्थ्यांनी मिळून मार्चमध्येच लेखी मागणी केली, तर प्राचार्यांना विचार करण्यास काही कारण तरी मिळते, एकट्यादुकट्याच्या विनंतीस ते मिळत नाही.

ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागणार, त्यांनी ही तरतूद विशेष लक्षपूर्वक वाचावी. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यांवर सुटीत केलेल्या कौशल्यविषयक अभ्यासक्रमाचे वा अंतर्वासितेचे चार श्रेयांक, असे पुरे झाले तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांनंतर त्याच रीतीने पदविका मिळते. आणि तीन वर्षांच्या आत परतून एकंदर सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करता येते. ते चार श्रेयांक राहून गेले, तर मात्र वर्षभराचे शिक्षण हातात काहीच न देता थांबते, आणि हे आमच्या भागात घडणे फार सोपे आहे, कारण ज्याला वडिलांच्या आजारपणात दुकान सांभाळावे लागते तो मुलगा मे महिन्यात महाविद्यालयाकडे फिरकतच नाही. त्याला हे सांगणारे कोणीतरी शेजारी, मित्र किंवा शिक्षक असले पाहिजे.

अंतर्वासितेसाठी एका श्रेयांकास ३० तास धरले, तर चार श्रेयांकांस १२० तास होतात. रोज सहा तासांप्रमाणे वीस दिवसांचे काम. अंबरनाथच्या आनंदनगर व मोरिवली वसाहती आणि बदलापूरची औद्योगिक वसाहत येथे रसायने, औषधे, अभियांत्रिकी यांचे कारखाने आहेत, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हिशेब विभागात काम मिळणे अशक्य नाही. महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊनच जावे; पत्राशिवाय फाटकावरचा सुरक्षारक्षक आत सोडीत नाही. अखेरीस मिळणाऱ्या दाखल्यावर कारखान्याचे नाव-पत्ता, कामाचा कालावधी, एकूण तास, कामाचे स्वरूप, देखरेख करणाऱ्याची सही आणि शिक्का, एवढे असले पाहिजे, आणि रोजच्या कामाची नोंदवही त्याला जोडली पाहिजे. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्याच मजकुराचा दाखला कोणत्याही समितीपुढे टिकत नाही. वडिलांच्या स्वतःच्या दुकानाचा दाखला आणणाऱ्यांविषयी मी अधिक काही लिहीत नाही. कॅम्पातील दुकानांत जे शिकावयास मिळते ते पुष्कळ वर्गांत मिळत नाही हे मला मान्य आहे, पण पित्याने पुत्रास दिलेले प्रशस्तिपत्र समितीने स्वीकारावे ही अपेक्षा फार झाली. ती खटपट शेजारच्या दुकानात, लेखी कराराने करावी. आणि रसायनांच्या कारखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी सुरक्षिततेची माहिती, पादत्राणे आणि चष्मा मागून घ्यावा. ते न देणारी जागा चार श्रेयांकांसाठी पत्करू नये.

केटी लागलेल्या, म्हणजे एखादा विषय राहिलेल्या, विद्यार्थ्यांनी एक समजून असावे, की राहिलेला विषय ‘स्वयम्’वर पुरा करून केटीतून सुटका होईल, असे आपोआप होत नाही. विद्यापीठाने तशी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच तो मार्ग धरावा; नाही तर पुनर्परीक्षेचा अर्ज भरावा आणि अभ्यासास लागावे. खाजगी संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ज्ञानासाठी घ्यावीत, नोकरीच्या अर्जात जोडावीत, पण लेखी मंजुरीविना ती श्रेयांकांत धरली जातील या भरवशावर पैसे भरू नयेत; आणि ‘आम्ही श्रेयांक मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या पायरीला तर उभेही राहू नये, कारण श्रेयांक देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

ज्या घरांतील मुले अमेरिकेत शिकतात आणि उन्हाळ्यात आईवडिलांकडे बदलापुरास येतात, त्यांच्यासाठी थोडे. तेथील विद्यापीठ आपले ‘स्वयम्’चे प्रमाणपत्र मानील असे सहसा होत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या राज्यातील कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन वर्ग येथे बसून करणे शहाणपणाचे; मात्र त्याही बाबतीत आपल्या विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाकडून तो विषय समकक्ष असल्याची खात्री आधीच लेखी घ्यावी. बहुतेक विद्यापीठे ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी मागतात, आणि श्रेयांक स्वीकारले तरी ती श्रेणी आपल्या सरासरीत धरीत नाहीत. तेव्हा घसरलेली सरासरी या मार्गाने सावरू पाहणाऱ्याची निराशा ठरलेली. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तेथील दुपारी चारची परीक्षा येथे पहाटे दीडला येते. नाव घालण्यापूर्वी परीक्षांच्या वेळा वडीलधाऱ्यांनाही दाखवाव्यात, म्हणजे त्या रात्री घरात पाहुणे उतरणार नाहीत.

निकाल लागल्यावर काम संपले असे समजू नये. प्रमाणपत्राची प्रत, पूर्वमंजुरीची प्रत आणि आवक क्रमांकाची पोच असे तिन्ही कागद एका अर्जास जोडून निकालाच्या आठवड्यातच परीक्षा विभागात द्यावेत, पेढीच्या खात्यात श्रेयांक जमा झाले आहेत की नाहीत हे स्वतः उघडून पाहावे, आणि सत्राची गुणपत्रिका हाती येताच ती खिडकीवरच वाचावी, घरी जाऊन नव्हे. विषयाचे नाव, श्रेयांकांचा आकडा आणि श्रेणी या तिन्ही गोष्टी तेथे असल्या पाहिजेत. नसल्यास लेखी अर्ज द्यावा. दाद न लागल्यास महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे, आणि तिच्याही निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे, कारण आयोगाच्या २०२३ च्या विनियमाने ही दोन्ही दारे विद्यार्थ्यासाठी उघडी ठेवली आहेत. त्या दाराशी जाण्याची वेळ आली, तरी सोबत न्यावयाचे कागद तेच तीन.